मातीतली शिदोरी : कोरडवाहू ज्वारी आणि बदलते ऋतुमान

(बोळिंज येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



बोळिंजमध्ये उभे राहून कोरड्या प्रदेशातील पिकांविषयी बोलणे हे थोडे धाडसाचेच आहे. आपल्या वसई तालुक्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २०१८च्या जुलै महिन्यात हा सारा परिसर पाण्याखाली गेला, लोकल गाड्या थांबल्या, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. ज्या गावाची चिंता पाणी उपसण्याची, त्या गावाला पाणी नसलेल्या मुलखाची गोष्ट कशासाठी सांगायची, असा प्रश्न संयोजकांपैकी एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला विचारलाही.

मी त्यांना एवढेच म्हटले की, आपल्या इमारतीच्या जिन्यावरून संध्याकाळी एकदा खाली उतरून पाहा. कोणत्या ना कोणत्या दारातून भाकरी थापल्याचा आवाज येतोच. जेथे काल-परवापर्यंत भाताची खाचरे होती, तेथे आज उभ्या असलेल्या इमारतींत सोलापूर, सातारा, बीड, धाराशिव या जिल्ह्यांतून आलेली शेकडो कुटुंबे राहतात. त्यांच्या ताटातली भाकरी ज्या रानातून येते, त्या रानाचे आभाळ आज बिघडले आहे. २०२३ साली ज्वारीचा भाव गव्हाच्या वर गेला, तेव्हा ही बातमी गिरणीच्या रांगेत आपल्यापर्यंत पोहोचली; परंतु तिचे मूळ मात्र फार थोड्यांनी शोधले. ते मूळ शोधण्याचा आज प्रयत्न करू.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी शेतीशास्त्राचा पदवीधर नाही. कला शाखेतून शिकलो आणि उभे आयुष्य वार्ताहर म्हणून काढले. दुष्काळाच्या बातम्या देण्यासाठी मी सोलापूर, मंगळवेढे, सांगोले या भागांत अनेकदा गेलो. जे तेथील शेतकऱ्यांकडून ऐकले आणि शास्त्रज्ञांकडून समजून घेतले, तेच आपणापुढे ठेवतो आहे.

पाऊस किती, आणि केव्हा?

महाराष्ट्राच्या नकाशावर सह्याद्रीची रेघ ओढा. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माण तालुक्यातील म्हसवडकडे जा. तेथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला, तरी शेतकरी समाधान मानतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पलीकडच्या पट्ट्याला पर्जन्यछाया लाभते. छाया हा शब्द एरवी सुखाचा. येथे तो तहानेचा आहे.

या पट्ट्याचे पाऊसमान आपल्यापेक्षा निराळे आहे. आपल्याकडे जुलै हा पावसाचा राजा. सोलापूरकडे मात्र सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. मृगात थोडा शिडकावा होतो, मध्ये मोठी उघडीप पडते आणि उत्तरा व हस्त या नक्षत्रांत, म्हणजे साधारण १३ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या काळात, परतीचा पाऊस रानाची तहान भागवतो. त्या ओलीवर ज्वारी पेरायची. तिलाच तिकडे शाळू म्हणतात. पुढे चार महिने पाऊस जवळपास नाही. थंडी, दव आणि मातीत मुरलेले पाणी यांच्या आधाराने पीक उभे राहते. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण याच अनुभवातून आली आहे. ऑक्टोबरअखेरची एक सर मोत्यांच्या मोलाची ठरते. उलट, ऑगस्टमध्ये धो धो पडून वाहून गेलेल्या पाण्याचा शाळूला फारसा उपयोग नाही.

म्हणून या प्रदेशासंबंधी 'यंदा सरासरीच्या नव्वद टक्के पाऊस झाला' असे वृत्त मी वाचतो, तेव्हा मला त्यावरून काहीच बोध होत नाही. ते नव्वद टक्के चार दिवसांत पडले की चाळीस दिवसांत? पेरणीआधी पडले की कणसे भरून आल्यावर? माती त्या वेळी तापलेली होती की भिजलेली? धान्याचे उत्पादन या प्रश्नांच्या उत्तरांत असते. सरासरीच्या आकड्यात नसते.

मातीची पुंजी

मंगळवेढ्याच्या परिसरात एका वृद्ध शेतकऱ्याने मला हे एका मुठीत समजावून दिले होते. त्यांनी कुदळीने हातभर खाली उकरले, मूठभर काळी माती घेतली आणि हातात दाबून तिचा लाडू वळला. लाडू मोडला नाही. ते म्हणाले, "आमची बँक ही. पावसाळ्यात भरायची, अन् संक्रांतीपर्यंत पुरवून खायची."

त्यांच्या म्हणण्याचा हिशेब मांडून पाहू. भारी काळ्या जमिनीचा एक मीटर खोलीचा थर पिकाला उपयोगी पडेल असे सुमारे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवतो. एक मिलिमीटर पाणी म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. शाळूचे पीक सुमारे चार महिन्यांचे. पेरणीनंतर सत्तर-पंचाहत्तर दिवसांनी ते फुलोऱ्यात येते आणि त्यानंतर दाणा भरतो. समजा, पुंजी १८० मिलिमीटरची आहे आणि पीक व ऊन मिळून रोज दोन मिलिमीटर पाणी खर्च करीत आहेत. ही पुंजी नव्वद दिवस पुरेल. अधूनमधून एखादी सर आली, थंडी चांगली पडली, तर दाणा टपोरा भरेल. आता हवा थोडी तापली, वारा कोरडा झाला आणि रोजचा खर्च तीन मिलिमीटरवर गेला असे धरा. तीच पुंजी साठ दिवसांत संपेल, म्हणजे फुलोऱ्याच्याही आधी! आणि जमीन मुरमाड, हात-दीड हात खोलीची असेल, तर मुळात पुंजीच निम्मी.

हा हिशेब ढोबळ आहे. परंतु पाऊस तेवढाच पडूनही दोन वर्षांच्या पिकांत दुपटीचा फरक का पडतो, हे त्यावरून ध्यानात यावे. कडबा डोक्याएवढा वाढतो आणि कणसात मात्र दाणा किरकोळ राहतो, असे शेवटच्या तीन-चार आठवड्यांत ओल तुटल्यामुळे घडते. अशा वेळी आणखी एक संकट ओढवते. जमीन कोरडी पडून तापली की एक बुरशी ताटाच्या बुडाशी शिरते, आतला गाभा पोखरते आणि उभे पीक आडवे होते. शेतकरी या रोगाला 'खडखड्या' म्हणतात. रोग बुरशीचा खरा, पण त्याला आमंत्रण कोरड्या हवेचे असते.

ज्वारी हे तसे सोशिक पीक आहे. तिची मुळे खोल जातात, पानांवर मेणासारखा थर असतो, ताण पडला की ती पाने गुंडाळून घेऊन थांबते आणि पाणी मिळताच पुन्हा वाढू लागते. गव्हाला किंवा भाताला हे जमत नाही. तथापि सोशिकतेलाही मर्यादा असते. कणीस पोटरीत असताना आणि फुलोऱ्यात असताना तिला ताण सोसवत नाही. फुलोऱ्यात कडाक्याची थंडी पडली तरी परागकण निकामी होऊन दाणे कमी भरतात. पेरणीचा मुहूर्तही असाच नाजूक. सप्टेंबरच्या मध्याआधी पेरले तर खोडमाशी कोंब खाते. ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरले तर ओल पुरत नाही. जेमतेम एका महिन्याच्या या खिडकीत शेतकऱ्याला आपले वर्ष बसवावे लागते.

शास्त्राची परंपरा

ही विद्या केवळ परंपरेवर सोडून दिलेली नाही, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. कोरडवाहू शेतीचे संशोधन आपल्या देशात १९२३ साली पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाले आणि पुढील दशकात सोलापूर व विजापूर येथे त्याची केंद्रे उभी राहिली. एन. व्ही. कानिटकर यांच्यासारख्या संशोधकांनी तेथे वर्षानुवर्षे मातीतील ओल मोजली. बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी ही त्यांनी घालून दिलेली पद्धत 'मुंबई पद्धत' म्हणून देशभर ओळखली गेली. सोलापूरजवळच्या मोहोळ येथे स्थानिक मालदांडी वाणातून निवडलेली 'मालदांडी ३५-१' ही ज्वारी आजही भाकरीच्या चवीचे मोजमाप मानली जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

पिके आणि हवामान यांचा संबंध अभ्यासण्यासाठी भारतीय हवामान खात्याने १९३२ साली पुण्यात कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांनी वाहिली. परदेशातही हा विषय नवा होता, त्या काळात पुण्याच्या शेतात जमिनीलगतच्या हवेचे तापमान इंचा-इंचावर मोजले जात होते. आपण ही परंपरा विसरलो, हे मात्र खेदाने नमूद करावे लागते.

दुष्काळ आणि उपासमार

मंगळवेढ्याचे नाव निघाले की दामाजीपंतांची आठवण होणारच. बहामनी राजवटीत ते तेथील अधिकारी होते. भीषण दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि त्यांची किंमत स्वतः विठ्ठलाने बिदरास जाऊन चुकती केली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. या कथेत एक व्यवहाराचे सत्यही दडलेले आहे. पाऊस नव्हता, पण कोठारात धान्य होते! मरण आणि जगणे यांत अंतर होते ते केवळ एका कुलपाचे.

१८७६ ते ७८च्या दुष्काळात ते कुलूप उघडले नाही. दख्खनचे पीक गेले. त्या सुमारास प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा फार तापले होते, ज्याला आज आपण 'एल निनो' म्हणतो, हे पुढे शास्त्रज्ञांनी शोधून काढले. परंतु त्याच काळात हिंदुस्थानातील गहू बोटींतून इंग्लंडला जातच होता, आणि सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामावरील मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडावर आणत होते. पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे सत्य मांडले. सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या काळातील कार्याचे मोल फार मोठे आहे. ती उपासमार पाहूनच वासुदेव बळवंत फडके यांनी शस्त्र हाती घेतले.

याउलट १९७२चा दुष्काळ पाहा. पावसाने सलग दगा दिला होता. ज्वारीच्या या माहेरात माणसांना परदेशातून आलेली लाल 'मिलो' खावी लागली. सुकडीच्या रांगा आपल्यापैकी काहींना आठवत असतील. पण १९७३च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, आणि पीक बुडूनही १८७७ सारखा संहार झाला नाही. वि. स. पागे यांच्या चिंतनातून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेने त्यानंतर कायद्याचे रूप घेतले. पाऊस आपल्या हाती नसतो. परंतु तो न पडल्यास काय घडावे, हे बव्हंशी समाजाच्या आणि शासनाच्या हाती असते.

आज काय बदलले आहे?

मग आज काळजीचे कारण कोणते? अवर्षण तर पूर्वीही होते. आज बदलला आहे तो ऋतूंचा ताल.

केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सियसने वाढले. आकडा किरकोळ वाटतो. परंतु हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही कोरडवाहू शेतकऱ्याच्या विरोधात जातात. पाऊस नसताना ही तहानलेली हवा माती आणि पानांतून अधिक वेगाने पाणी ओढून घेते. पाऊस येतो तेव्हा मात्र साठलेले बाष्प एकदम कोसळते. रान ते पिऊ शकत नाही आणि पाण्याबरोबर मातीही जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांच्या २०१७च्या अभ्यासात मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे आढळले. म्हणजे उघडीप आणि ढगफुटीसारखा पाऊस या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. एकाच कारणाची ती दोन फळे आहेत.

सोलापूर-मराठवाड्याने हे प्रत्यक्ष भोगले आहे. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हातातोंडाशी आलेल्या ज्वारी-गव्हावर गारांचा मारा झाला. २०१५ साली पाऊस रुसला आणि पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन पेरणीच्या मुहूर्तावर, पंढरपूर-सोलापूरला पुराने वेढले. २०२३चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीच्या पुराने माढा आणि मोहोळ तालुक्यांतील शिवार पाण्याखाली गेले. असे पाणी काळ्या रानात साचले की वाफसा येत नाही, तिफण चालत नाही आणि पेरणीची ती एका महिन्याची खिडकी डोळ्यांदेखत बंद होते. ज्या उत्तरा-हस्ताची वाट पाहायची, त्यांचीच भीती वाटू लागावी, याहून मोठी शोकांतिका कोणती?

सारा दोष आभाळाचा नाही

तथापि, वार्ताहर म्हणून मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात एके काळी ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांच्या घरात जमीन होती. आज ती वीस लाखांच्याही खाली आली आहे. ही सारी घट हवामानाने झालेली नाही. स्वस्त धान्य दुकानात वर्षानुवर्षे गहू आणि तांदूळ मिळाला, ज्वारी क्वचितच. पाणी आले तेथे ऊस आला. ज्वारी उपटायला आणि कणसे खुडायला मजूर मिळेनात. आणि भाकरी थापण्याचे कष्ट नकोत म्हणून आपणही पोळीकडे वळलो. संकट आभाळातून उतरले, तेव्हा ते झेलणारे पीक आपण आधीच दुबळे करून ठेवले होते. शिवाय ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की दावणीचे जनावर जाते, जनावर गेले की शेणखत जाते आणि शेणखताविना मातीची पाणी धरण्याची ताकद घटते. एक पीक सोडले की अशी सारी साखळी सैल होते.

पूर्वी सोलापूरकडे गावोगावी पेवे असत. जमिनीत खोल खणलेल्या त्या धान्याच्या विहिरींत चांगल्या वर्षाची ज्वारी वाईट वर्षासाठी जपून ठेवली जाई. हवामान लहरी आहे हे गृहीत धरूनच पूर्वजांनी आपला संसार मांडला होता. आपण मात्र दर वर्षी पाऊस वेळेवर पडेल असे गृहीत धरतो आणि तो न पडल्यावर आश्चर्य व्यक्त करतो.

उपाय मातीतच आहे

उपाय आहेत, आणि ते आवाक्यातले आहेत. पावसाळ्यात रानात उताराला आडवे सारे पाडून वाफे केले, तर पडलेले पाणी जागच्या जागी मुरते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की, पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. काळी जमीन सुकताना भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. कोळप्याने मोकळी झालेली भुसभुशीत माती त्या भेगा बुजवते. या विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वाणही दिले आहेत : हलक्या रानासाठी 'फुले अनुराधा', मध्यमसाठी 'फुले सुचित्रा', भारीसाठी 'फुले वसुधा'. शेततळ्यात थोडे पाणी राखून पीक पोटरीत असताना एकच पाळी देता आली, तरी दाण्याचे नशीब पालटते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून, पाऊस पाहून पीक ठरवण्याची शिस्त अंगी बाणवली. ते गावही पर्जन्यछायेतच आहे.

शासनाकडूनही एक अपेक्षा आहे. 'महावेध' प्रकल्पातून राज्याच्या महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, हे स्तुत्य आहे. परंतु एका मंडळात अनेक गावे येतात आणि पाऊस कधी कधी बांध ओलांडायलाही तयार नसतो. पाऊस गावागावात मोजला गेला पाहिजे. आणि केवळ पाऊस नव्हे, मातीतील ओलही मोजली गेली पाहिजे. कानिटकरांनी नव्वद वर्षांपूर्वी जे केले, ते आज प्रत्येक गावात होणे अशक्य नाही.

आणि आपण? संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. फलक लागले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, वर्ष संपले. मला वाटते, वर्ष साजरे करण्यापेक्षा आठवडा सांभाळणे अधिक महत्त्वाचे आहे. आठवड्यातून ठरावीक दिवशी आपल्या घरात भाकरी होऊ द्या. सोसायटीतील दहा-वीस कुटुंबांनी एकत्र येऊन, ओळखीच्या गावातील शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी थेट घ्या आणि भाव पेरणीआधी ठरवा. पेरताना ज्याला आपल्या मालाचे गिऱ्हाईक ठाऊक असते, तो आभाळाशी थोड्या अधिक धीराने झुंजतो. ज्यांचे गाव तिकडे आहे, त्यांनी यंदा हुरड्याला जाल तेव्हा मुलांना सोबत न्या आणि त्यांना मातीचा तो लाडू एकदा वळायला सांगा.

मंगळवेढ्याच्या त्या वृद्ध शेतकऱ्यांना निघताना मी विचारले होते, "यंदा पाऊस पडेल का?" ते हसले. म्हणाले, "ते त्याच्याकडं. रान तयार ठेवणं आमच्याकडं." बोळिंजच्या नळाला सूर्या नदीचे पाणी येते आणि ताटात मंगळवेढ्याची भाकरी. दोन्ही आपण पिकवलेले नाही, दोन्हींचे आपण ऋणी आहोत. त्यांच्या रानाची तयारी त्यांनी ठेवली आहे. आपल्या घराची तयारी आपण ठेवू या.